मंगळवारची टीम

"माझ्या जमिनीचे दोन क्वार्टर गेले ते यांच्याच सहीनं," असं म्हणून त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कागदी बशीतलं अंड्याचं सँडविच उचललं आणि सावकाश खाऊ लागला. शेजारच्या आजोबांच्या अंत्यविधीची चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळं गाव कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या रिंकच्या वरच्या हॉलमध्ये जमलं होतं. आम्ही दोघं फोटोंच्या टेबलापाशी उभे होतो. टेबलावर आजोबांची गोल्फची टोपी, काड्यांचा एक जुना कर्लिंगचा झाडू, बँकेतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ आणि बऱ्याच लग्नांचे फोटो. मुलीनं छापून आणलेल्या घडीच्या कागदावर नव्वदीपार गेलेलं आयुष्य चार शब्दांत मांडलं होतं: कुटुंब, बँक, गोल्फ, कर्लिंग. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्या शेतकऱ्याला विचारलं होतं, तुमची ओळख कशी? त्याचं हे उत्तर. सँडविच संपवून, हात पुसत त्यानं पुढचंही सांगितलं. "आणि नंतर तीसेक वर्षं मी त्यांच्या टीममध्ये लीड खेळलो, पहिले दगड टाकायचो. दर मंगळवारी." तेवढ्यात त्याच्या नातीनं त्याला हाक मारली आणि तो गेला. त्या दोन गोष्टींच्या मधली जागा मात्र मला पुढे कित्येक दिवस सोडेना.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातलं आमचं हे गाव एवढंसं आहे. एक मोठा रस्ता, धान्य साठवायचं उंच एलेव्हेटर, दोन चर्च, शाळा, मी जिथं काम करते ते औषधांचं दुकान आणि अर्धगोल पत्र्याच्या छपराखालची कर्लिंग रिंक. आम्ही इथं आलो तेव्हा शेजारी हे आजोबा एकटेच राहायचे. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी दार उघडलं तर आमच्या दारातला बर्फ कुणीतरी काढून ठेवलेला, कडा फुटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ. नंतर ते दुकानात गोळ्या घ्यायला आले आणि पैसे देताना त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या, तेव्हा मी चमकले. सगळ्या नोटा एका बाजूला तोंड करून, लहान किमतीच्या वर, मोठ्या खाली. माझे बाबा असेच पैसे देतात. भाजीवाल्याला द्यायच्या दहाच्या नोटासुद्धा सरळ करून, चेहरे एकाच दिशेला ठेवून. मी विचारलं, "बँकेत होतात का?" ते इतके खूश झाले की मागे रांग लागली तरी हलेनात. त्या दिवसापासून ते आमच्या घरातले आजोबा झाले.

बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत होते, त्यामुळे माझं बालपण बदल्यांच्या यादीवर चाललं. जिंतूर, औसा, दापोली, मग पुन्हा मराठवाडा. 1969 साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर खेडोपाडी शाखा निघाल्या, त्या लाटेत बाबा नोकरीला लागले. आम्हा मुलांना लेजर, व्हाउचर, टॅली हे शब्द शाळेच्या आधी पाठ. संध्याकाळी सात वाजले तरी बाबा आले नाहीत की आई म्हणायची, "फरक निघाला असणार." तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे, त्यामुळे बाबांना ताप असला तरी बँकेत जावंच लागे. कर्जदाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दापोलीत कुणीतरी आंब्यांची पेटी दारात ठेवून गेलं, तर बाबांनी ती शिपायाबरोबर परत पाठवली. तो पेंढ्याचा वास दिवसभर ओटीवर होता आणि मी रडले होते. औशाला असताना एका संध्याकाळी एक बाई पदराखाली पाटल्या घेऊन घरी आली. नवऱ्याच्या नावावर थकबाकी होती, जप्तीची नोटीस लागली होती. बाबा दारातच म्हणाले, "उद्या दहाला बँकेत या." आईनं तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती आली की नाही, हे मला कधी कळलं नाही. त्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये पुढे बसून आम्ही निघालो तेव्हा बाबांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

बदल्या कशासाठी असतात ते बाबांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. माणूस एका जागी राहिला की त्याला माणसं चिकटतात. नंतर 'नाही' म्हणता येत नाही, 'हो' म्हणताना हिशेब चुकतो. तीन वर्षं झाली की उठायचं, पुढच्या गावी नव्या सहीचा नमुना द्यायचा.

आजोबांच्या तरुणपणी कॅनडातल्या बँकाही अशाच माणसं फिरवायच्या. मोठमोठ्या बँका, देशभर शाखा, आणि अठरा-एकोणीस वर्षांची पोरं एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर. ज्युनिअर कारकुनानं बँकेच्या वरच्याच खोलीत झोपायचं, म्हणजे राखणही होते. त्यांच्या वरच्या साहेबांच्या पिढीत तर पगार ठरावीक आकड्यापलीकडे गेल्याशिवाय लग्न करायला बँकेची परवानगी लागत असे. कारकुनाचं घर त्याच्या पगारात भागलं नाही तर त्याचा हात गल्ल्याकडे जाईल, ही भीती. आजोबांचं लग्न ठरलं तेव्हा ती पद्धत मावळत होती, तरी त्यांनी मॅनेजरला जाऊन सांगितलंच. बायको शाळामास्तरीण. ती दर बदलीला आपली नोकरी सोडायची आणि नव्या गावात नव्यानं शोधायची, कधी मिळायची, कधी नाही. या गावी ते मॅनेजर म्हणून आले तेव्हा तिनं सांगितलं की आता पुरे. मुली मोठ्या होत होत्या. वरून राजधानीतल्या, रेजायनाच्या ऑफिसात बढती आली, आजोबांनी ती नाकारली. बढती नाकारणाऱ्याला पुढची बढती मिळत नाही, हे बँकेतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ते निवृत्तीपर्यंत इथंच राहिले.

त्या 'नाही'चं मोल मला पूर्वी फक्त कौटुंबिक वाटायचं. बायकोची नोकरी, मुलींची शाळा, ओळखीची घरं. मला त्यांचा हेवा वाटे. मी मोठी होईपर्यंत माझी एकही मैत्रीण तीन वर्षांपेक्षा जुनी नव्हती.

मग तो काळ आला ज्याच्याबद्दल आजोबा क्वचित बोलायचे. सत्तरच्या दशकात गव्हाला भाव होता, जमिनीच्या किमती चढत होत्या, शेतकरी कर्ज काढून शेजारचा क्वार्टर विकत घेत होते. इथं जमीन क्वार्टरमध्ये मोजतात, एक क्वार्टर म्हणजे 160 एकर. ज्या क्वार्टरवर घर असतं तो होम क्वार्टर, तो सहसा कुणी विकत नाही. मग महागाई आवरायला व्याजदर चढवले गेले आणि 1981 च्या ऑगस्टमध्ये मध्यवर्ती बँकेचा, बँक ऑफ कॅनडाचा दर 21 टक्क्यांच्याही वर गेला. कर्ज घेतलं तेव्हाचं व्याज आणि आताचं व्याज यांचा मेळ लागेना. पुढे गव्हाचे भाव पडले, दुष्काळ आले, 1988 चा तर प्रेअरीवरच्या लोकांना अजून आठवतो. ज्यांच्या पोरींच्या वाढदिवसाला आजोबांच्या पोरी जायच्या, त्यांच्याच फायली आजोबांच्या टेबलावर यायला लागल्या. "त्या वर्षांत मी किराणा दुकानात जायच्या आधी खिडकीतून आत कोण आहे ते पाहायचो," असं ते मला एकदा म्हणाले होते. चहाचा कप हातात तसाच होता. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

कर्लिंगबद्दल मात्र ते कितीही वेळ बोलायचे. बाहेर उणे तीस असताना रिंकमध्ये शिरलं की पहिल्यांदा वास येतो तो कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा. खाली काचेपलीकडे लांबच लांब बर्फाच्या पट्ट्या, प्रत्येक सुमारे 45 मीटर. बर्फ करणारा माणूस पाठीवर डबा लावून उलटा चालत कोमट पाण्याचे थेंब शिंपडत जातो. ते गोठून बर्फावर बारीक दाणे धरतात आणि त्या दाण्यांवरून जवळजवळ 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड घरंगळल्यासारखा गुरगुरत जातो. मला आधी वाटलेलं की तो नुसता सरळ सरकत असेल. नाही. सोडताना मूठ किंचित फिरवतात आणि दगड शेवटी शेवटी वळतो. पुढे दोघं जण झाडूनं बर्फ घासत धावतात, त्यानं दगड लांब जातो आणि कमी वळतो. पलीकडून स्किप, म्हणजे टीमचा कप्तान, जिवाच्या आकांतानं ओरडत असतो, घासा, जोरात घासा! आजोबा स्किप होते. एरवी इतका हळू बोलणारा माणूस तिथं छप्पर हलवायचा. एकदा त्यांनी मला बर्फावर नेलं, दगडाचं हँडल हातात दिलं आणि म्हणाले, "ढकलू नकोस. आधी तू सरक, मग याला फक्त सोड." दगड अर्ध्या वाटेत थांबला, पण त्या थंडगार हँडलचं वजन मनगटात संध्याकाळपर्यंत राहिलं.

हा खेळ या प्रांताचा अधिकृत खेळ आहे. रेजायनाच्या रिचर्डसन मंडळींनी 1959 ते 1963 या पाच वर्षांत चारदा राष्ट्रीय ब्रायर स्पर्धा जिंकली, ती वर्षं आजोबांना आपल्या मुलींच्या जन्मतारखांइतकी पाठ होती. बिगर या छोट्या गावात जन्मलेली सँड्रा श्मिर्लर 1998 मध्ये नागानोहून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली आणि दोनच वर्षांत, छत्तिसाव्या वर्षी, कॅन्सरनं गेली. तिचा अंत्यविधी टीव्हीवर थेट दाखवला. आजोबा-आजींनी तो रिंकमध्ये बसून सगळ्या गावाबरोबर पाहिला होता. त्या दिवसाबद्दल सांगताना त्यांचा आवाज बसला, तसा तो स्वतःच्या बायकोबद्दल बोलतानाही बसत नसे. कदाचित बायकोबद्दल ते आवाज बसण्याआधीच थांबत असतील.

मला त्यांच्याकडून कळलेली आणि फार आवडलेली गोष्ट म्हणजे या खेळात रोजच्या सामन्यांना पंच नसतो. चालत्या दगडाला चुकून झाडू लागला, पाय लागला, तर ज्याचा लागला त्यानंच हात वर करून सांगायचं. कुणी पाहिलेलं नसलं तरी. सामन्याआधी सगळ्यांशी हात मिळवायचा आणि 'छान खेळा' म्हणायचं, संपल्यावर पुन्हा हात मिळवायचा, आणि मग जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी प्यायला द्यायचं, त्यांच्याच टेबलावर बसून. हार दिसत असेल तर स्किप शेवटपर्यंत ताणत नाही, पुढे होऊन हात देतो. गोल्फचंही तसंच, असं आजोबा म्हणायचे, आणि बॉबी जोन्स या गोल्फपटूचा किस्सा सांगायचे. 1925 च्या यूएस ओपनमध्ये आपला चेंडू हलला असं जोन्सला वाटलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. त्यानं स्वतःवर एक फटका लावून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये स्पर्धा हरला. लोक वाहवा करायला लागले तर तो म्हणाला म्हणे की मग बँक लुटली नाही म्हणूनही माझी वाहवा करा. इथं आजोबा थांबायचे, माझ्याकडे पाहायचे. बँकवाल्याच्या मुलीला ही गोष्ट सांगताना त्यांना जो आनंद व्हायचा तो मी कितव्यांदाही ऐकायला तयार होते.

त्यांचं गोल्फ टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार नव्हतं. गावाबाहेर नऊ होलचं मैदान, बाजूला मोहरीची पिवळी शेतं, गोफरांनी पोखरलेली जमीन. पूर्वी तिथं होलभोवतीची गवताची ग्रीन राखायला पाणी नव्हतं, म्हणून तेल मिसळलेल्या वाळूच्या ग्रीन असत. चेंडू मारायच्या आधी दांड्यानं वाळू सारखी करून वाट आखायची, आणि आपलं झालं की मागून येणाऱ्यासाठी ती पुन्हा सपाट करून ठेवायची. उन्हात त्या तेलाचा वास कपड्यांना चिकटे, तो आजींना अजिबात खपायचा नाही, पण त्या खेळायच्या चांगलं, नवऱ्यापेक्षा सरळ मारायच्या. मे ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबर. उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो, बँक बंद करून घरी जेवून दोघं नऊ होल खेळून यायचे. त्यांच्या संसारातली सगळी मोठी बोलणी तिथंच झाली, बढती नाकारायचीही. घरात मुली ऐकतात, आणि बँकेत सगळेच.

अंत्यविधीनंतर पंधरवड्यानं तो शेतकरी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आला. गर्दी नव्हती. मी सरळ विचारलं, की त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते मला नीट सांगाल का? त्यानं टोपी काउंटरवर ठेवली.

त्याची फाइल हिवाळ्यात निघाली होती. मॅनेजरनं त्याला सोमवारी बँकेत बोलावलं, दार लावून घेतलं आणि आकडे कागदावर लिहून त्याच्याकडे फिरवले. दोन क्वार्टर आत्ता विकले तर होम क्वार्टर वाचेल. वर्षभर थांबलात तर तिन्ही जातील. तो खूप ओरडला. काय ओरडला ते त्यानं मला सांगितलं नाही. सही केली, निघाला. दुसऱ्या दिवशी मंगळवार. दोघं वेगवेगळ्या टीमचे, आणि फळ्यावर सामना नेमका एकमेकांशी लागलेला. बायकोनं त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं. तो गेला, कारण तो गेला नाही तर टीमला तिघांत खेळावं लागलं असतं. "मला वाटलं तो येणार नाही," तो म्हणाला. "मॅनेजरला काय, डोकं दुखतंय म्हणून सांगता येतं. तो आला. सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आला आणि हात पुढे करून उभा राहिला. मी दिला नाही. तो तसाच उभा राहिला, मग पुढच्याकडे गेला. पुढच्या मंगळवारीही तसंच. मार्चमध्ये सीझन संपेपर्यंत. रिंकमध्ये सगळे बघत असायचे. त्यानं एकदाही हात आखडता घेतला नाही, आणि एकदाही मला काही बोलला नाही."

पुढच्या नोव्हेंबरात यानं हात दिला. का, असं मी विचारलं. "थंडी होती," तो म्हणाला, आणि मग थोडा थांबून, "तोपर्यंत मी शाळेची बस चालवायला लागलो होतो. त्याची धाकटी रोज माझ्या बसमधून जायची." आणखी दोन वर्षांनी आजोबांच्या लीडनं गाव सोडलं तेव्हा त्यांनी याला विचारलं.

मी विचारलं, की मग त्यांचं बरोबर होतं ना, होम क्वार्टर तर वाचला. मला त्याच्याकडून 'हो' ऐकायचं होतं, अगदी मनापासून. तो म्हणाला, "ते मला अजून माहीत नाही. माझ्या शेजाऱ्यानं दुसरीकडून मुदत मिळवली, तग धरून राहिला, त्याची सगळी जमीन राहिली. दुसऱ्या एकाची सगळी गेली. मी त्याला हे तोंडावर सांगितलंय, कितीतरी वेळा, बीअर पिताना. तो म्हणायचा, मलाही माहीत नाही." टोपी घालून तो गेला, गोळ्या विसरला, त्या मी संध्याकाळी घरी नेऊन दिल्या.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांना आजोबांचं वागणं पटलं नाही. त्यांचं म्हणणं, मॅनेजरनं बदली घ्यायला हवी होती. नोटिसा काढलेल्या गावात राहणं हा त्या लोकांवरही जुलूम आहे, रोज तोंड दाखवायचं, त्या माणसाला गावासमोर हात नाकारायची वेळ आणायची. नवा मॅनेजर आला की जुना राग जुन्याबरोबर जातो, लोकांना पुन्हा बँकेत यायला सोपं पडतं. बाबांचं हे बोलणं अनुभवाचं आहे आणि मी ते उडवून लावू शकत नाही. तरीही मी पहिल्यांदाच त्यांच्याशी या विषयावर भांडले. म्हटलं, बाबा, औशाची ती पाटल्यांची बाई तुम्हाला आठवते का? पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग त्यांनी त्या बाईच्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, कर्ज विहिरीसाठी होतं आणि विहिरीला पाणी लागलं नव्हतं हेही सांगितलं. 1990 च्या कर्जमाफीत दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली, तेव्हा त्याचं कर्ज त्यात बसलं असेल का, असं ते इतक्या वर्षांनी मला विचारत होते. तोवर त्यांची आणखी दोन गावं होऊन गेली होती. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का, हे विचारायला त्यांच्याकडे कुणीच नव्हतं. आजोबांना ते रोज किराणा दुकानाच्या खिडकीतून दिसत होतं. दोघांपैकी कुणाचं ओझं जास्त, ते मला ठरवता येत नाही. पण मला विचाराल तर आजोबांनी राहायला हवं होतं, आणि ते राहिले म्हणून मला त्यांच्याबद्दल वाटतो तेवढा आदर फार थोड्यांबद्दल वाटतो.

यंदा आई-बाबा हिवाळ्यात इकडे येताहेत. थंडी सोसायची नाही म्हणून इतकी वर्षं टाळत होते. शेतकऱ्याला हे कळलं तेव्हा त्यानं सांगितलं, की मंगळवारी घेऊन या, वर काचेमागे हीटर आहे. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, येईन. आणि मग त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली: होम क्वार्टर आता कुणाच्या नावावर आहे? मुलगी कसते? तारण सुटल्याचा कागद मिळाला ना? दोन क्वार्टर विकले ते कर्ज लावलं तेव्हाच्या किमतीला की पडलेल्या? राहिलेल्या रकमेला व्याज कितीनं लावलं, हप्ते किती वर्षांचे पाडून दिले? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मग मीच विचारतो त्याला," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारून त्यांनी कागद-पेन मागितलं.